रॅकखाली काय लावायचं? सव्वापाच महिन्यांचा हिशोब

६ जानेवारीला आम्ही ऑडिओचं सगळं सामान खालच्या खोलीतनं वरच्या खोलीत हलवलं. तारा जोडून होईपर्यंत रात्र झाली, पण राहवेना म्हणून एक रेकॉर्ड लावलीच, आणि आवाज थोडा कमी करायला खुर्चीतनं उठून रॅककडे गेले तर तिसऱ्या पावलाला सुई टपकन उडाली. मागे गेले, परत पुढे आले, परत तेच. हाच रॅक, म्हणजे सगळी यंत्रं ठेवायची मांडणी, हाच टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, खालच्या खोलीत सहा वर्षं होता, असं एकदाही झालं नव्हतं. भाची आमच्याकडेच राहते, अकरावीत आहे, ती नुसती दारातनं आत आली तरी स्पीकरच्या वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, कोन आतबाहेर हलताना डोळ्यांनी दिसायचा.

मग ठरवलं की रॅकला आयसोलेशन फीट, म्हणजे कंपन अडवणारे पाय, लावायचे. हे एवढं सोपं वाक्य, पण १४ जूनला हे लिहायला बसलेय तेव्हा कुठे काम पूर्ण झालंय. कुणी मला सुरुवातीलाच सांगितलं असतं की आधी वजन कर, मग कंपन कुठनं येतंय ते बघ, आणि पाय विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी, तर अर्धी धावपळ वाचली असती. म्हणून सगळं क्रमानं लिहितेय, तारखांसकट, कारण ज्याला हे करायचंय त्याला किती दिवस लागतात हेही कळायला हवं.

पहिले चार-पाच दिवस नुसतं वाचन. पायांचे साधारण तीन प्रकार आहेत असं लक्षात आलं. एक म्हणजे स्पाइक, टोकदार धातूचे, ते कंपन अडवत नाहीत, रॅकला जमिनीशी घट्ट बांधतात, डगमग घालवतात. दुसरे मऊ, म्हणजे रबर, सॉर्बोथेन (रबरासारखाच पण आणखी मऊ पदार्थ), बुचाचे वगैरे. आणि तिसरे स्प्रिंगचे. प्रत्येकाच्या बाजूनं बोलणारे लोक इतके ठामपणे बोलतात की वाचून डोकं गरगरतं, आणि मी पहिली चूक इथेच केली, की कोण काय म्हणतंय त्यावरनं ठरवायला लागले. दिसायला छान, जाड, काळे रबरी पाय, पेटीवर लिहिलेलं चार पायांवर मिळून १८० किलोपर्यंत चालतात. मला वाटलं जेवढं जास्त वजन झेलतील तेवढे चांगले. १४ जानेवारीला ऑर्डर दिली. किंमत म्हणाल तर माझ्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या छोट्या डबीच्या, जवळपास निम्मी.

ऑर्डर येईपर्यंत एक चांगलं काम मात्र झालं. शेजारी एक काका आहेत, त्यांनी आयुष्यभर रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं काम केलंय, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, आधी सुई बंद रेकॉर्डवर ठेवून बघ काय ऐकू येतंय ते." म्हणजे मोटर बंद, रेकॉर्ड स्थिर, सुई खाली ठेवायची, आवाज शून्यावरनं हळूहळू वाढवायचा आणि मग रॅकवर बोटानं हलकं ठोकायचं, जमिनीवर पाय आपटायचा, शेजारच्या भिंतीवर टकटक करायची. आवाज एकदम वाढवू नका, स्पीकर हूऽऽ करून घुमायला लागतो आणि वूफर जायची भीती असते. मी हेडफोन लावून केलं. रॅकच्या बाजूच्या खांबावर ठोकलं तर टक् असा कोरडा आवाज, आणि पाय आपटला तर आवाज असा नाहीच, कानावर दाब आल्यासारखं खोल काहीतरी. म्हणजे त्रास जमिनीकडनं जास्त होता.

असं का होतं तेही मग समजून घेतलं. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबून कापतात आणि वाजवताना फोनो स्टेज, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारी पेटी, ते परत वर उचलते, १९५४ सालापासून हीच रिआ नावाची पद्धत रूढ आहे. २० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २० कंपनांना, हे उचलणं १००० हर्ट्झच्या मानानं सुमारे १९ डेसिबल असतं, म्हणजे नऊ पटीच्या आसपास. आणि त्याआधीच फोनो स्टेज सुईकडनं आलेला सिग्नल, साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा, शंभर पटीनं मोठा करत असते. सुईला काय, ती खाचेमुळे हलतेय की जमिनीमुळे ते कळत नाही, ती दोन्ही इमानदारीनं वर पाठवते.

फोनवरनंही मोजलं. फायफॉक्स म्हणून एक फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलंय, त्यात फोनच्या सेन्सरवरनं कंपनाचा आलेख निघतो, कुठल्या हर्ट्झला किती ते दिसतं. फोन जमिनीवर ठेवला, भाचीला म्हणलं टाचांवर उभी राहा आणि एकदम टाचा खाली सोड. "मावशी, अजून किती वेळा?" असं करत तिनं वीसेक वेळा केलं. दर वेळी टोक साडेतेरा हर्ट्झच्या आसपास. आमच्या या खोलीचा मजला स्वतःच तिथे डोलतो. खालच्या खोलीत फोन नेऊन तेच केलं तर आलेख जवळजवळ सपाट. हा साडेतेरा आकडा लिहून ठेवला, पुढे सगळं त्याच्यावरच फिरलं. हे मोजणं फुकट आहे आणि अर्धा तास लागतो, तेव्हा काहीही विकत घ्यायच्या आधी एवढं नक्की करा.

२३ जानेवारीला पाय आले. माझ्या रॅकच्या खांबांना खाली एम८ चे, म्हणजे ८ मिमीचे, आटे आहेत आणि पायांबरोबर आलेले बोल्ट एम६, म्हणजे ६ मिमीचे. पेटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. विक्रेत्याला मेल केला, दोन दिवसांनी उत्तर आलं की ॲडॉप्टर वेगळे मागवा, ते यायला आणखी चार दिवस. आपल्या रॅकचा आटा कोणता आहे हे माहीत नसेल तर जुना स्पाइक काढून नट-बोल्टच्या दुकानात घेऊन जा, ते नट लावून एका मिनिटात सांगतात.

२९ जानेवारीला लावले. आधी टर्नटेबलचा आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बांधला, सुईवर टोपी घातली, प्लॅटर, म्हणजे फिरणारी तबकडी, काढून बाजूला ठेवलं, बाकी यंत्रं उतरवली, रॅक आडवा केला, यात दोन माणसं आणि दोन तास गेले. परत सगळं मांडलं, आर्मचं वजन परत लावलं, आणि रेकॉर्ड लावून चालून बघितलं तर पहिल्यापेक्षा वाईट. खरंच वाईट. आता दुसऱ्या पावलालाच सुई उडायला लागली.

त्या रात्री मी अगदी खट्टू होऊन बसले होते. पेटीतलं माहितीपत्रक तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, त्यात बारीक अक्षरात प्रत्येक पायावर कमीत कमी २५ किलो वजन हवं असं होतं. पेटीवर बाहेर फक्त जास्तीत जास्तचा आकडा. माझ्या सगळ्या रॅकचं वजन किती हेच मला माहीत नव्हतं.

काका म्हणाले, "वजन कर. पाय दबलाच नाही तर तो काम काय करणार?" आणि मग त्यांनी एका कागदावर जे समजावलं ते मी अजून जपून ठेवलंय. कुठलाही मऊ पाय किंवा स्प्रिंग वजनाखाली जितकी दबते त्यावरनं तिची स्वतःची डोलायची गती ठरते. १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागायचं, हर्ट्झ मिळतात. १ मिमी दबली तर जवळपास १६ हर्ट्झ, अडीच मिमी दबली तर १०, १० मिमी दबली तर ५. आता या गतीच्या १.४ पटीच्या वरचं जे कंपन आहे तेच अडतं, त्याच्या खालचं जसंच्या तसं वर जातं, आणि त्या गतीच्या आसपासचं उलट वाढून जातं. माझे ते जाड पाय व्हर्नियरनं मोजले तर जेमतेम ०.८ मिमी दबले होते. म्हणजे साडेसतरा हर्ट्झ. रबराचं तर आणखी असं आहे की हलत्या कंपनाला ते स्थिर वजनापेक्षा जास्त ताठ वागतं, म्हणजे खरा आकडा त्याहून वरच. आणि माझा मजला डोलतो साडेतेराला. गणित केलं तर ते पाय मजल्याचं कंपन जवळजवळ दुपटीनं वाढवून रॅकला देत होते. कागदावर हा आकडा बघितला तेव्हा मला खूप बरं वाटलं, कारण आदल्या दोन दिवसांत मी टर्नटेबलच बिघडलाय असं धरून चालले होते.

३१ जानेवारीला परतीचा अर्ज भरला. माल हातात पडल्यापासून १४ दिवस मुदत होती, त्यात बसत होतं. फॉर्ममध्ये परत करायचं कारण ठरलेल्या यादीतनंच निवडायचं, त्यात वजन जुळत नाही असा पर्याय नाही, म्हणून इतर निवडलं तर खुलासा द्या म्हणून मेल. चारही पायांचे वरनं-खालनं फोटो, आट्यांचे फोटो, मूळ प्लॅस्टिकचे फोटो. एका पायाच्या रबरावर रॅकच्या खांबाचा गोल ठसा उठला होता, त्यावरनं आणखी दोन मेल. मी दबण्याचा आकडा आणि त्यांच्याच पत्रकातली २५ किलोची ओळ दोन्ही पाठवलं. ११ फेब्रुवारीला मंजुरी आली, २६ ला पैसे, दहावा हिस्सा कापून, आणि परतीचं कुरिअर माझ्याच खर्चानं. वेष्टन फाडू नका, कात्रीनं कडेनं कापा आणि मुदत संपेपर्यंत ठेवा. माझे पैसे त्या प्लॅस्टिकमुळेच परत आले.

दरम्यान वजनं. नुसतं एकूण वजन करून उपयोग नाही, प्रत्येक कोपऱ्यावर किती येतंय ते हवं. बाथरूममधला वजनकाटा एका कोपऱ्याखाली सारायचा आणि बाकी तीन कोपऱ्यांखाली त्याच उंचीच्या फळ्या, नाहीतर रॅक कलतो आणि आकडा चुकतो. मी जुन्या पुस्तकांचे गठ्ठे लावले होते, ते दबतात, लाकूडच घ्या. रॅक रिकामा २२ किलो, टर्नटेबल ११, ॲम्प १४, सीडी प्लेअर साडेसहा, फोनो स्टेज अडीच. एकूण ५६. चार कोपऱ्यांवर सारखं म्हणजे १४-१४ येईल असं वाटलं होतं, आले १८, १२, १५ आणि ११. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर उजवीकडे मागे आहे, सगळा भार तिकडे. म्हणजे चारही पाय एकसारखे घेतले तर एक कोपरा जास्त दबणार, एक कमी, रॅक कलणार आणि प्रत्येक कोपरा वेगवेगळ्या गतीनं डोलणार. हे आकडे हातात आल्यावर कुठल्याही विक्रेत्याशी बोलणं एकदम सोपं झालं.

५ फेब्रुवारीला स्प्रिंगचे पाय मागवले. यात एका गोल डबीत सात छोट्या स्प्रिंग बसतात, मध्ये एक आणि भोवती सहा, आणि हव्या तेवढ्या काढता-घालता येतात. किंमत आधीच्या पायांच्या तिसरा हिस्सा. १९ तारखेला आले. विक्रेत्यानं एका स्प्रिंगची ताकद सांगितली नव्हती, म्हणून घरीच मोजली, एका लोखंडी सळईवर स्प्रिंग ओवून वर दोन लिटर पाण्याची बाटली नीट तोलून धरली, म्हणजे २ किलो, आणि उंची मोजली तर बरोबर ५ मिमी कमी झाली. म्हणजे एका मिलिमीटरला ०.४ किलो. मग हिशोब, १८ किलोच्या कोपऱ्याला पाच स्प्रिंग, १५ ला चार, १२ आणि ११ ला तीन-तीन. सगळे कोपरे ९ ते १० मिमी दबणार, गती ५ हर्ट्झच्या जवळ.

२२ फेब्रुवारीला बसवले आणि टाचेची परीक्षा घेतली तर रॅकवरच्या फोनमधलं ते साडेतेराचं टोक जवळजवळ गायब! मी आनंदानं भाचीला मिठीच मारली. आणि मग ती रॅकजवळनं चालत गेली आणि आम्ही दोघींनी बघितलं की रॅक हलतोय. वर-खाली नाही, आडवा, झाडाच्या फांदीसारखा हळू, तीन-चार सेकंद. वूफरचा कोन आतबाहेर, आतबाहेर, पूर्वीपेक्षा मोठा.

हे मी कुठेच वाचलं नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगते. सगळा हिशोब उभ्या हालचालीचा असतो. पण रॅक उंच, वजन वरपर्यंत, आणि खाली स्प्रिंग म्हटल्यावर तो बाजूलाही झुलतो, आणि बाजूची ही गती उभ्या गतीपेक्षा बरीच कमी येते. माझी फोनवर दोन हर्ट्झच्या जरा वर आली. माणूस चालतो सेकंदाला साधारण दोन पावलं. पाळण्याला बरोबर लयीत झोका द्यावा तसं आम्ही चालताना रॅकला झोके देत होतो. आठवडाभर काय काय करून बघितलं, स्प्रिंगच्या मध्ये फोमचे तुकडे घातले, ॲम्प सगळ्यात खालच्या फळीवर नेला, रॅक भिंतीपासून लांब घेतला. झुलणं कमी झालं, गेलं नाही.

१ मार्चला ठरवलं की रॅकखाली मऊ काहीच नको. जुने स्पाइक परत लावले, यावेळी नीट, चारही टोकं खाली चकत्यांमध्ये बसवून, स्पिरिट लेव्हल वरच्या फळीवर ठेवून, आधी तीन पायांवर पातळी लावली आणि चौथा हातानं फिरवत फक्त टेकेपर्यंत आणला, मग लॉकनट पान्यानं आवळले. लॉकनट ढिले राहिले तर स्पाइकच खुळखुळतो, आणि माझे सहा वर्षं ढिलेच होते हे तेव्हा लक्षात आलं. रॅक दगडासारखा घट्ट. आणि ज्याला खरंच आयसोलेशन हवंय त्या एकट्या टर्नटेबलखाली स्प्रिंग.

तुमचा टर्नटेबल आधीच आतनं स्प्रिंगवर टांगलेला असेल तर हे करू नका. ती पद्धत जुनी आहे, एडगर विल्चर यांनी एआर (अकूस्टिक रिसर्च) या अमेरिकन कंपनीच्या १९६१ च्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर आणि आर्म एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगवर टांगली होती, मोटर वेगळी. अशा यंत्राखाली आणखी स्प्रिंग घातली तर दोन झोपाळे एकमेकांशी भांडतात. त्याला खाली घट्ट आणि हलकी फळी बरी. माझा टर्नटेबल भरीव, त्याला आत काही नाही, म्हणून मला हे लागू.

५ मार्चला ६ किलोची जाड लाकडी फळी, तिच्याखाली तीन स्प्रिंगपाय, प्रत्येकात तीन स्प्रिंग त्रिकोणात, वर टर्नटेबल. तीनच पाय घेतले कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत आणि मोटरच्या बाजूला पाय सरकवून तोल साधता येतो. एकूण १७ किलो, पावणेपाच मिमी दबले, म्हणजे सव्वासात हर्ट्झ. सुई उडायची थांबली. पण वूफर अजून थरथरत होता, कारण आर्म आणि कार्ट्रिज मिळून त्यांची स्वतःची एक गती असते, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी असं धरतात. टेस्ट रेकॉर्डवर, म्हणजे तपासणीसाठीच काढलेल्या रेकॉर्डवर, बघितलं तर माझा आर्म साडेनऊच्या आसपास दिसण्याइतका थरथरतो. सव्वासातच्या पायांनी साडेनऊला काहीच अडत नाही, अडणं सुरूच होतं १० च्या वर.

गती खाली न्यायची तर एक तर स्प्रिंग काढायच्या, पण दोन स्प्रिंगवर डबी कलते, नाहीतर वजन वाढवायचं. मग ग्रॅनाइटची लादी. दगडकाम करणाऱ्याकडे ४५ बाय ४० सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर जाडीची, कडा घासून, सांगितली आणि त्यानं नऊ दिवस लावले. खर्च स्प्रिंगच्या पायांपेक्षाही कमी आला, कारण ओट्याचा उरलेला तुकडा होता. वजन १५ किलोला थोडं कमी. रॅकची वरची फळी किती झेलते ते आधी पत्रकात तपासून घेतलं, आता तिच्यावर २६ किलो येणार होते. दगडावर बोट वाजवलं तर टणटण वाजतो, म्हणून टर्नटेबलच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या ठेवल्या.

२० मार्चला बसवलं. स्प्रिंग सव्वासात मिमी दबल्या, पाच पूर्णांक नऊ हर्ट्झ. लेव्हलचा बुडबुडा मध्ये आला आणि मी हात सोडला तर तो हळूच एका बाजूला सरकला. तीनदा पाय सरकवले, तीनदा तेच. शेवटी बघितलं तर टर्नटेबलमागची जाड सिग्नलची केबल ताठ होती आणि रॅकच्या मागच्या खांबाला टेकून लादीला ढकलत होती. केबलला मोठा ढिला वळसा दिला, खांबापासून चार बोटं लांब, बुडबुडा जागेवर. ही केबल म्हणजे स्प्रिंगला वळसा घालून जाणारा रस्ताच आहे, सगळी मेहनत तिच्यातनं गळून जाते, तेव्हा मागे वाकून एकदा नक्की बघा.

टाचेची परीक्षा घेतली तर साडेतेराचं टोक लादीवर रॅकच्या फळीपेक्षा साधारण पाव राहिलं, गणितानंही तेवढंच यायला हवं होतं. बंद रेकॉर्डवर सुई ठेवून पाय आपटला तर तो कानावरचा दाब नाही, अगदी लांबनं आल्यासारखं काहीतरी. स्प्रिंगच्या मध्ये फोमचा अगदी छोटा तुकडा ठेवलाय, नाहीतर धक्का लागल्यावर लादी बराच वेळ डोलत राहते, पण जास्त कोंबला तर वरच्या गतीचं अडवणं कमी होतं, म्हणून नखाएवढाच.

फोनो स्टेज व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांची, आहे, पेन्सिलनं तिच्या पेटीवर टिचकी मारली की स्पीकरमधनं बारीक टिंग ऐकू यायचं, तिच्याखाली सॉर्बोथेनचे चार छोटे अर्धगोल लावले. हे वजनानुसार वेगवेगळ्या मऊपणाचे मिळतात आणि १० ते २० टक्के दबले पाहिजेत, अडीच किलोसाठी सगळ्यात लहान आणि मऊ घ्यावे लागले. लाकडाच्या पॉलिशवर त्यांचा तेलकट डाग पडतो, खाली पातळ स्टीलच्या चकत्या ठेवा. टिंग बऱ्यापैकी गेलं.

ॲम्प आणि सीडी प्लेअरखाली उरलेले स्प्रिंगपाय घालून बघितले. मला स्वतःला फरक जाणवतोय असं वाटत होतं, म्हणून एप्रिलमध्ये खात्री केली, मी खोलीबाहेर थांबायचं, भाचीनं पाय घालायचे किंवा काढायचे आणि समोर चादर टाकायची, मी आत येऊन ऐकून सांगायचं. बारा वेळा केलं, सहा वेळा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तेव्हा तिथे पैसे घालू नका असं माझं मत आहे. सीडी प्लेअर डिस्कवरच्या चुका स्वतः दुरुस्त करून घेतो, जोरात धक्का बसला तरच अडखळतो, आणि ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये सुईसारखं कंपन टिपणारं काही नसतं.

एकूण खर्च, कापलेले पैसे, ॲडॉप्टर आणि परतीचं कुरिअर धरून, माझ्या कार्ट्रिजच्या निम्म्याहून थोडा कमी. त्यातला खरंच उपयोगी पडलेला भाग म्हणजे स्प्रिंग, लादी आणि सॉर्बोथेन, तो कार्ट्रिजच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास.

बसवल्यावर आठवड्यानं एकदा पातळी परत लावावी लागली, सॉर्बोथेन हळूहळू दबत जातं आणि स्पाइकही चकत्यांमध्ये थोडे बसतात. त्यानंतर मेमध्ये आणि आज सकाळी मोजलं, स्प्रिंग अजून सव्वासातवरच आहेत. भाची परवा दाराच्या उंबऱ्यावरनं दोन्ही पायांनी मुद्दाम उडी मारून आत आली आणि तशीच उभी राहून म्हणाली, "गेली का गं सुई?" रेकॉर्डची दुसरी बाजू चालू होती. ती संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून ऐकत राहिलो.